सादडपाड्याचा अकरावा गडी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार, जव्हार

काल वाचनालयाला कुलूप लावताना मंगेश आला. खोडाळ्यापलीकडच्या सादडपाड्याचा, ग्रामपंचायतीचा सदस्य. हातात हेल्मेट आणि बोलण्यात घाई. "मॅडम, माझ्या वडलांनी नॅशनल कप जिंकून दिला होता. फायनलचा गोल त्यांचा. मैदानाला त्यांचं नाव द्यायचं ठरलंय, सव्वीस जानेवारीला दगड बसवायचाय. पण ग्रामसेवक म्हणतात कागद पाहिजे. तुम्ही पुस्तकवाल्या. कागदही शोधा न् दगडावरचा मजकूरही लिहून द्या."

जसं काही मी कपाटात राष्ट्रीय कप लावून ठेवलेत. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. बावीस माणसं एका चेंडूमागे पळतात आणि मिळाला की लाथ मारून देतात, एवढीच माहिती. पण त्यानं खिशातून रुमालात बांधलेलं पदक काढलं. काळं पडलेलं, मागे अक्षरं: "अखिल भारतीय ग्राम चषक, १९८७, विजयी". विजयी! शेजारच्या मोखाडा तालुक्यातला सत्तर घरांचा पाडा देशात पहिला आला होता, आणि अठरा वर्षं वाचनालयात काढून मला ते माहीत नव्हतं. लाजच वाटली. हो म्हणून बसले.

२१ नोव्हेंबर

आठ दिवस नागपूरला फोन केले. चषक भरवणारं ग्राम क्रीडा मंडळ केव्हाच गुंडाळलं गेलंय. शेवटी मंडळाच्या चिटणिसांची मुलगी सापडली. आज तिचं पार्सल आलं, बिस्किटांच्या खोक्यात. वर चिठ्ठी: "बाबांचे कागद. वाळवीच्या आधी कुणीतरी मागितले, बरं वाटलं."

सबंध दिवस खोक्यात डोकं घालून होते. दोन वाचकांनी पुस्तकं मागितली, त्यांना म्हटलं आपापली शोधून घ्या. माझ्या तोंडून हे वाक्य बाहेर पडलं, यावरून काय ते समजावं.

काय माणसं होती ती! १९७१ साली सुरुवात, लागोपाठ एकवीस वर्षं. पाच हजारांच्या आतल्या वस्तीच्या गावांनीच खेळायचं. बुटांची सक्ती नाही. पाहुण्या संघाला यजमानांनी घरोघरी जेवायला न्यायचं, आणि सामन्याच्या दिवशी दोन्ही संघांनी एका पंगतीत बसायचं. म्हणजे ज्याला हरवायचं त्याला आधी भाजी वाढायची. नियम सहावा तर मी वहीत उतरूनच घेतला: "बदली खेळाडू नाही. गाव लहान असते, अकरा माणसे जमली तेच पुष्कळ." केरळातल्या कोळ्यांचं गाव तीनदा जिंकलं. मणिपूरचा एक संघ पाच दिवस प्रवास करून आला आणि पहिल्याच फेरीत हरला. चिटणिसांनी पुढं लिहिलंय, "पण त्यांनी जाताना आमच्या पोरांना डोक्याने चेंडू मारायला शिकवले."

एक नियम मात्र कडक. चौदावा. अकराही नावं त्या गावच्या मतदार यादीतली हवीत. बोगस गडी सापडला तर चषकावर कोरलेलं गावाचं नाव घासून काढायचं. १९७९ साली एका गावाचं काढलं. शेरा आहे: "नाव घासले. माझा हात थरथरला, पण नियम म्हणजे नियम." अशी माणसं मला फार आवडतात. मीही दंड आकारताना कुणाचं तोंड बघत नाही.

आता नुसता दगडाचा मजकूर नाही, मी या चषकाचा इतिहासच लिहिणार. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण लिहिणार.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज वाचनालयाला सुट्टी. १९८७च्या अंतिम सामन्याचा पंचांनी हातानं लिहिलेला अहवाल मिळाला. १८ जानेवारी, नागपूर. सादडपाडा विरुद्ध बंगालमधलं एक गाव. बंगालचे गडी बुटांत, आपले सगळे अनवाणी. त्र्याऐंशीव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मग "अकरा क्रमांकाचा लहान्या याने डाव्या पायाने, कोपऱ्याच्या निशाणाजवळून, अशक्य वाटणाऱ्या जागेवरून गोल केला."

अकरा नावांची यादीही आहे, तहसीलदारांच्या शिक्क्यासकट. शेवटचं नाव लहान्या. मंगेशला फोन केला, "कागद मिळाला." तो एवढ्या जोरात हसला की मी फोन कानापासून लांब धरला.

१ डिसेंबर, सोमवार

सादडपाड्याला जाऊन आले. खोडाळ्यापर्यंत एसटी, पुढं मंगेशच्या मोटारसायकलवर जीव मुठीत धरून. भात झोडून झालंय, खळ्यांवर नागलीची कणसं वाळताहेत.

लहान्या २००९ साली गेले. सगळा पाडा त्यांच्याबद्दल एकच सांगतो: गोलाचं नाव काढलं की गडी उठून जायचा. हारतुरे नकोत, भाषण नको. एकदा तालुक्याच्या पुढाऱ्यानं सत्कार ठेवला तर हा माणूस तीन दिवस रानात जाऊन बसला. केवढी ही विनम्रता! आजकाल लोक नातवाचा दहावीचा निकाल चौकात लावतात.

त्यांच्या बायकोला भेटले. चैतीमावशी, साठीच्या. काटक बाई, सुपात नागली पाखडत होत्या. मी म्हटलं, "मावशी, फायनलच्या दिवसाचं काही आठवतं?"

"आठवतं ना. त्या दिसा मालक घरातच व्हते. हीव भरलेला. अंगावर दोन घोंगड्या, तरी कापत व्हते. मीच पेज पाजली."

"नाही हो मावशी, त्या दिवशी ते नागपूरला होते."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुमच्या कागदात तसा लिवला असंल, तर तसा," म्हणाल्या आणि पुन्हा सूप हलवायला लागल्या.

बिचारी. वय झालं की दिवसांची अशी गल्लत होते. माझ्या आईचंही होतं.

खेळाडूंपैकी सात जण आहेत. पोश्या आणि बुधा भेटले, पण गोलाविषयी विचारलं की दोघंही एकमेकांकडे बघत. शेवटी पोश्या म्हणाले, "गोलाचा इचारायचा तर पोशेऱ्याला जा. तठं वाळू हाय. त्याला आमच्यापरीस जास्ती ठावा."

"ते होते संघात?"

"संघात नीही," बुधा घाईनं म्हणाले. "आमच्यासंगती आलता. पिशव्या सांभाळाया."

८ डिसेंबर, सोमवार

पोशेरा. वाळूदादा म्हणजे या सबंध प्रकरणातला माझा सगळ्यात मोठा लाभ!

एकसष्टीचा माणूस, रोजावर जातो, मिळेल ते काम करतो. घरची जमीन कधीच नव्हती. तरुणपणी अर्धं वर्ष भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर, अर्धं सादडपाड्याच्या कडेला झोपडीत. आता बायकोच्या माहेरी पोशेऱ्याला असतात. पिशव्या सांभाळायला गेलेल्या माणसाला काय आठवणार, असं मनात घेऊन मी गेले होते. दोन तासांनी माझ्या वहीची अकरा पानं भरली होती.

पंगतीत वांग्याची भाजी होती. बंगाल्यांच्या कप्तानानं यांना आपल्या पानातली मिरची दिली. मैदानाला एका बाजूला उतार होता. उत्तरार्धात वारा तोंडावर येत होता, म्हणून चेंडू उंच मारून उपयोग नव्हता. आणि गोल! "जाळ्याला डाव्या खांबापाशी भोक व्हता, ताई. चेंडू आत गेला न् भोकातून भायेर. ते बोंबलाया लागले, गोल नीही, गोल नीही. मंग पंच गेला, भोकात मूठ घातली, पाहिली, न् शिट्टी मारली."

घरी येऊन पंचांचा अहवाल पुन्हा काढला. दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात: "जाळ्यास छिद्र. स्वतः हात घालून खात्री केली." अडतीस वर्षांनी इतकं अचूक! पिशव्यांपाशी बसून या माणसानं मैदानावरच्या दोन्ही संघांपेक्षा जास्त पाहिलंय.

एक गंमत. त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला नखच नाही. विचारलं तर म्हणाले, "बंगाल्याच्या बुटाखाली गेला."

"पिशव्या सांभाळताना?"

ते एवढे हसले की खोकला आला. मलाही हसू आलं. असेल, गर्दीत कुणीतरी पाय दिला असेल.

१३ डिसेंबर

मंगेशनं दगड घडवायलाही टाकला. मजकूर त्यानंच ठरवला, मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. "कै. लहान्या क्रीडांगण. १९८७च्या अखिल भारतीय ग्राम चषकातील विजयी गोलाचे मानकरी." चांगलं आहे. मी माझ्या पुस्तकात वाळूदादांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. नाव दिलं, "पिशव्यांपाशी बसलेला साक्षीदार". उगाच नम्रपणा कशाला, प्रकरण सुंदर झालंय.

१५ डिसेंबर, सोमवार

आजचं नीट लिहायला हवं. डोकं ठिकाणावर नाही, तरी लिहिते.

प्रकरण वाचून दाखवायला पोशेऱ्याला गेले. वाळूदादा अंगणात बसून मान डोलावत ऐकत होते. त्यांची बायको धोंडीबाई आत भाकऱ्या थापत होती. मी वाचत होते, "...आपल्या गावाच्या पिशव्या छातीशी धरून हा साधा माणूस तो ऐतिहासिक गोल पाहत होता..." तेवढ्यात आतून परात आपटल्याचा आवाज आला आणि धोंडीबाई पिठाच्या हातांनी दारात.

"पिशवी धरून! अडतीस वर्सा झाली, पिशवीच धरून बसलाय! पंचांनी मूठ घातली ती भोकात, पण चेंडू कोणी घातला ते सांग ना बाईला! का मीच सांगू?"

"धोंडे, गप," वाळूदादा म्हणाले.

"मी मरंतवर गप? त्या नखाला मी हळद भरली, मी!"

मी वहीकडे पाहिलं, मग त्यांच्या पायाकडे. चैतीमावशींची पेज आठवली. दोन घोंगड्या आठवल्या. मी इतकी मूर्ख आहे हे मला माझ्या आयुष्याच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पोशेऱ्याच्या एका अंगणात कळलं.

निघायच्या आदल्या दिवशी लहान्याला हिवताप भरला. बदली खेळाडू नाही. दहाच जण उभे राहिले तर सामना गेला. आणि पाड्यात सगळ्यांत चांगलं कोण खेळायचं? वीटभट्टीवरून आलेला वाळू. पण त्याचं नाव यादीत नव्हतं, कारण मतदार यादी झाली तेव्हा ही माणसं भिवंडीला होती. कुठल्याच गावच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. तेव्हा लहान्या उठला, कापत कापत उंबऱ्यापर्यंत आला, आपला अकरा नंबरचा शर्ट त्यानं स्वतःच्या हातानं वाळूच्या अंगात घातला आणि कपाळाला कुंकू लावलं.

"मग परत आल्यावर का नाही सांगितलंत? निदान पाड्यात तरी?"

"पाड्यातल्या जुन्यांना ठावाच हाय ना. पण तुमी बोहाडा पाहिला हाय का, ताई?"

पाहिलाय की, दरवर्षी पाहते. मुखवटे, संबळ, रात्रभर नाचणारी सोंगं. पण मी बघणारी, नाचणारी नव्हे. त्यांनी सांगितलं ते असं: सोंगाचा मान घराचा असतो. घरातला गडी आजारी असला तर दुसरा सोंग घेतो, पण मान त्या घराचाच. सोंग अंगावर असेपर्यंत त्याला त्याच्या नावानं हाक मारायची नाही. भीमाचं सोंग घेतलं तर तो भीम. आणि उतरवायचं ते मानाच्या घरानं. "घेणाऱ्यानी आपल्या हातानी नीही उतरवायचा. तो चोरीवानी होतो. लहान्यानी सोंग दिला. लहान्यानी उतरवाया पायजे व्हता."

"मग त्यांनी का नाही उतरवलं?"

"दोनदा आलता, इठं, ह्याच अंगणात. दोनदाही रडला. म्हणला, आता उतरवला का गवगवा होल. नागपूरवाले आयकतील, न् कपावरचा आपला नाव घासून टाकतील. कप चालू हाय तंवर थांबू. कप बंद जाला का त्याच दिसा उतरवू." मग म्हणाले, "तंवर तोच गेला. चालू हाय ना अजून कप?"

माझ्या पिशवीत मंडळाचं शेवटचं परिपत्रक होतं. इतिहासाच्या शेवटच्या प्रकरणासाठी ठेवलेलं. नोव्हेंबर १९९२. सुरुवातीला दोनशे बारा गावं यायची, त्या वर्षी एकोणीसच अर्ज आले. पोरं टीव्हीपुढं क्रिकेट बघत होती आणि चिटणीस अंथरुणावर होते. मी वाचून दाखवलं: "यंदा स्पर्धा होणार नाही. यापुढे होईल असे वाटत नाही. गावांनी मैदाने मोडू नयेत."

"कवाचा हाय ह्यो?"

"तेहतीस वर्षं झाली, दादा. मंडळ नाही, कचेरी नाही, चषकही कुठं गेला कुणाला ठाऊक नाही. नाव घासायला कुणी उरलेलंच नाही."

धोंडीबाई दारातच खाली बसल्या. १९९२ साली लहान्या जिवंत होते. पुढची सतरा वर्षं दोन माणसांनी एका मेलेल्या कपाची राखण केली, कारण परिपत्रक सादडपाड्याला कुणी पाठवलंच नाही. स्पर्धेत नव्हतं ना त्या वर्षी नाव.

२० डिसेंबर

चार दिवस काही लिहिलं नाही. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास: मंगेशनं दगडाचा फोटो पाठवलाय. अक्षरं कोरून तयार. खाली लिहिलंय, "मॅडम, आई रोज विचारते, कधी बसवणार."

काय करू? खरं लिहिलं तर मंगेशच्या हातून बाप जातो. खोटं लिहिलं तर वाळूदादांच्या हातून सगळंच जातं. जमीन नाही, यादीत नाव नाही. आयुष्यात एक गोल तेवढा त्यांचा, तोही दुसऱ्याच्या शर्टात. सगळ्यांत वर म्हणजे ते स्वतःच नको म्हणतात. "चैती डोशीकडं मागाया जाऊ? मान मागायचा नसतो, ताई," हे त्यांचं शेवटचं. मी कुठलीही मोठी गोष्ट इतक्या ताठ मानेनं सोडली नसती. मी तर वाचनालयाच्या पाटीवर माझं नाव बारीक अक्षरात आलं म्हणून वर्षभर धुसफुसले होते.

२९ डिसेंबर, सोमवार

मंगेशला सगळं सांगितलं. चुकलंच माझं. मोटारसायकल बंदही न करता ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, मी पहिलीत असल्यापासून ही गोष्ट सांगत आलोय. शाळेत, कॉलेजात, ग्रामपंचायतीत. माझ्याकडं बापाची दुसरी गोष्टच नाही. तो कधी काही बोललाच नाही." डोळे लाल झाले होते. "आईला यातलं काही बोलायचं नाही. तुम्ही पुस्तकात काय लिहायचं ते लिहा, पण सव्वीसपर्यंत थांबा."

मी भित्री, "बरं" म्हणाले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. एक मधला मार्गही सुचवून पाहिला. दगडावर अकराही खेळाडूंची नावं घालू म्हटलं. बोलल्यावर लक्षात आलं, यादीतली अकरा घातली तरी वाळूदादा बाहेरच.

१२ जानेवारी २०२६, सोमवार

सकाळी एसटीत बसेपर्यंत कुठं जाणार ते मलाच ठाऊक नव्हतं. खोडाळ्याला उतरले आणि सादडपाड्यापर्यंत चालत गेले. मंगेश मोखाड्याला गेला होता, तसं पाहूनच गेले असं म्हटलं तर ते खरं होईल.

चैतीमावशींना मी काहीही सांगितलं नाही. शब्द दिला होता. फक्त म्हटलं, "मावशी, चषकाचा शेवटचा कागद आहे. वाचू?" आणि परिपत्रक वाचलं. तारखेसकट.

"म्हंजे बंद जाला?"

"बंद झाला."

"कवा म्हणलीस?"

"तेहतीस वर्षं झाली."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "मालकांना कोणी सांगला नीही," एवढंच म्हणाल्या. मग मला गुळाचा चहा दिला, वाल दिले आणि गाडीची वेळ झाली म्हणून घालवूनही दिलं.

काही उपयोग झाला नाही. म्हातारीच्या ध्यानात काही आलेलं दिसत नाही. माझा प्रयत्न संपला.

२६ जानेवारी, सोमवार

आज झेंडावंदन झाल्यावर सगळे मैदानावर जमले. पंचायतीनं आठवडाभर मैदान सारखं करून घेतलं होतं. ज्या सहा मजुरांनी ते केलं त्यांत वाळूदादा होते, हे मला तिथं गेल्यावर कळलं. स्वतःच्या गोलासाठी दुसऱ्याचं नाव मिळणारं मैदान रोजावर सपाट करत होते. कुदळ बाजूला ठेवून कडेला इतर मजुरांबरोबर उकिडवे बसले होते. धोंडीबाईही होत्या, पाठ करून.

दगडावर पिवळं कापड. मंगेशनं माईक घेतला, "माझे वडील..." म्हणाला आणि थांबला, कारण त्याची आई उठून मैदानाच्या मधोमध चालत निघाली होती. हातात पाण्याचा तांब्या. पाड्यातले सगळे म्हातारे एकदम उभे राहिले. मला वाटलं, बाईंना काही त्रास होतोय. मी धावणारच होते. पोश्यांनी माझा हात धरला. "थांब ताई."

चैतीमावशी मजुरांपाशी गेल्या. "ऊठ," म्हणाल्या. वाळूदादा उठले. मावशींनी त्यांच्या पायांवर पाणी ओतलं, आधी डाव्या, मग उजव्या. पदरानं त्यांचं कपाळ पुसलं. मग दोन्ही हात त्यांच्या चेहऱ्यापुढून कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश खाली आणले. हातात काही नव्हतं, पण ते जड असल्यासारखे उतरले.

"कप बंद जाला," त्या मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. "माझ्या मालकांचा सोंग मी उतरवला. गोल ह्याचा हाय. वाळू, आता तू घरी जा."

वाळूदादा जागचे हलले नाहीत. मग बुधा पुढं आले, म्हणाले, "वाळू." मग पोश्या, "वाळू." सातही खेळाडू एकेक करून आले आणि फक्त नावानं हाक मारून बाजूला झाले. एकोणचाळीस वर्षांत त्या मैदानावर त्यांना कुणी त्या नावानं बोलावलं नव्हतं. मी चारचौघांत रडत नाही. आज रडले, आवाज करून.

मंगेशच्या हातातला माईक चालूच होता, त्यामुळे त्याचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. तो आईकडे गेला नाही. वाळूदादांपुढं जाऊन उभा राहिला आणि लहान पोरासारखं म्हणाला, "काका, मंग माझा बाप खेळायचा तरी का?"

"आरं!" वाळूदादा एकदम रागावले. "नाशिकला चार गोल कोणी मारलं? फायनलला पाडा नेला कोणी? तुझ्या बापानी! मी एका दिसाचा गडी. बस इठं, सांगतो तुना." आणि मंगेश त्या सपाट केलेल्या मातीवर मांडी घालून बसला.

दुपारी साडेतीनपर्यंत दोघं तिथंच होते. पाहुणे जेवून गेले. दगडावरचं कापड कुणी काढलंच नाही. शेवटी मंगेश माझ्याकडे आला, "मॅडम, वरची ओळ राहू दे. खालची पुसायला पाथरवट बोलावतो. नवी तुम्ही लिहा."

१ फेब्रुवारी, रविवार

पुस्तकाचं प्रकरण पुन्हा लिहिलं. "साक्षीदार" फाडून टाकलं. नियम चौदावा तळटीपेत घातला आहे, लपवलेला नाही. चिटणिसांना ते आवडलं नसतं, हे मान्य. पण माझी खात्री आहे, ते आज असते तर हात थरथरलाच असता आणि त्यांनी कानस खाली ठेवली असती. निदान मी तरी तसं समजून चालले आहे. अकरा अनवाणी माणसं बुटांपुढं उभी राहिली आणि जिंकली, हे कुठल्याही कलमानं घासलं जात नाही.

छापायला देण्याआधी पोशेऱ्याला जाऊन आले. वाळूदादांना वाचता येत नाही. अंगणात बसून मी वाचलं: "अंतिम सामना, नागपूर, १८ जानेवारी १९८७. सादडपाडा एक, बंगाल शून्य. उपांत्य सामन्यापर्यंतचे सर्व गोल लहान्या यांचे. अंतिम सामन्यातला गोल वाळू यांचा, त्र्याऐंशीव्या मिनिटाला, डाव्या पायाने. यादीत त्यांचे नाव नव्हते."

"परत वाच," ते म्हणाले.

परत वाचलं.

त्यांनी मान वळवून घराकडे पाहिलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"आता मोठ्यानी वाच, ताई," म्हणाले. "धोंडी आत हाय. तिला आयकू गेला पायजे."

आतला आवाज थांबला. मी उभी राहिले आणि वाचनालयात आयुष्यात कधी कुणाला काढू दिला नाही एवढ्या मोठ्या आवाजात वाचलं.